नऊ इंची भिंतीचे अस्तर

आकाशकंदिलासाठी भिंतीत एक खिळा ठोकावा आणि खिळ्याबरोबर परातीएवढा गिलावा खाली यावा, हा प्रसंग पुण्यात सदाशिव पेठेतील एखाद्या जुन्या वाड्यात घडला असता, तर पाटीभर सिमेंटाने त्याची वासलात लागली असती आणि संध्याकाळपर्यंत कोणाला त्याची आठवणही राहिली नसती. परंतु तो घडला इंग्लंडातील लेस्टर शहरी, माझ्या भाचीच्या घरी, २०२४ च्या दिवाळीत, आणि त्या खिळ्यापासून जी चौकशी सुरू झाली ती माझ्या मुक्कामाचे पाच आठवडे संपत आले तरी संपेना. बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळीची रोषणाई पाहून आम्ही परतलो होतो. जावईबापू स्टुलावर उभे होते, भाची खालून कंदील धरून होती, आणि मी, वडीलधाऱ्याला शोभेल अशा रीतीने, खिळा कोठे ठोकावा याविषयी सल्ला देत होतो. गिलावा पडला तो माझ्या सल्ल्याच्या जागी, हे भाचीने पुढे बऱ्याच लोकांना सांगितले.

घर क्लॅरेंडन पार्क या भागातले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या तांबड्या विटांच्या घरांच्या अखंड ओळीतले. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधाराने गावोगावच्या नगरसभांनी रस्त्याची रुंदी, परसाची मोकळी जागा आणि सांडपाण्याची वाट ठरवून दिली, आणि त्या ठरावांबरहुकूम कारागिरांसाठी व कारकुनांसाठी अशा असंख्य ओळी इंग्लंडभर उभ्या राहिल्या. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले आणि जे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, तेही ऐपतीने थोरले असले तरी याच व्हिक्टोरियन कुळातले. या कुळाची खूण भिंतीवरूनच पटते. रस्त्यावर उभे राहून पाहिले असता एक वीट लांबीने आणि तिच्या शेजारची डोक्याकडून दिसत असेल, तर ती भिंत भरीव, म्हणजे आपल्या गवंड्यांच्या भाषेत अस्सल नऊ इंची; कारण आडवी घातलेली वीट भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचलेली असते. सगळ्या विटा लांबीनेच दिसू लागल्या की समजावे, घर बहुधा १९२० नंतरचे, दोन पातळ भिंती आणि मध्ये पोकळी अशा रचनेचे. पोकळीच्या घरांना ऊब देणे तुलनेने सोपे, पोकळी भरली की झाले. भरीव भिंतीला आत किंवा बाहेर अस्तरच लावावे लागते, आणि ओळीतल्या घराचा दर्शनी तांबडा मुखवटा कोणालाच झाकायचा नसल्यामुळे ते आतून लावावे लागते.

पडलेला गिलावा मी हाती घेऊन पाहिला. चुन्याचा, जवळपास इंचभर जाड, आणि त्याच्या तुटल्या कडेतून जनावराचे केस बाहेर आलेले; कारण त्या काळी चुना तडकू नये म्हणून त्यात केस कालवीत, जसे आपल्याकडे ताग घालीत. छताचा गिलावा तर लाकडाच्या बारीक पट्ट्यांवर लिंपलेला होता, आणि या पट्ट्यांच्या फटींतून पलीकडे गेलेला चुना तेथेच वळून धरून राहावा अशी ती योजना पाहिली, तेव्हा कोकणातल्या कुडाच्या भिंतीची मला आठवण झाल्यावाचून राहिली नाही. कारवीच्या कुडाला शेणमाती आणि लाकडी पट्ट्यांना चुना, एवढाच काय तो फरक.

गिलावा करणारा कारागीर तिसऱ्या दिवशी आला. साठीच्या घरातला, मितभाषी, आणि स्त्रीपुरुष, लहानथोर अशा सर्वांना या प्रांताच्या शिरस्त्याप्रमाणे ‘मी डक’ म्हणून संबोधणारा. आमच्या संपूर्ण कुटुंबाला त्याने बदकांच्या रांगेत बसविल्याचा राग मला पहिल्या दिवशी आला आणि दुसऱ्या दिवशी त्याची गोडी वाटू लागली. बाजारात मडके पारखावे तसा तो बोटांच्या पेरांनी भिंत वाजवीत गेला. जेथे आवाज बद्द येई तेथे गिलाव्याने वीट सोडलेली, जेथे ठणठणीत येई तेथे धरलेली. पेन्सिलीने तो सीमा आखीत गेला आणि शेवटी मागे सरून म्हणाला की निम्म्याहून जास्त गेले आहे, म्हणजे आता हे माझ्या एकट्याचे काम राहिले नाही, नगरसभेच्या इमारत खात्याला कळवावे लागेल.

माझ्या आयुष्यातील तीस वर्षे महसुली दप्तरांत गेलेली असल्यामुळे हे वाक्य ऐकताच माझे कान टवकारले. इंग्लंडच्या इमारतविषयक नियमावलीत इंधनाच्या काटकसरीसंबंधी जे प्रकरण आहे, त्यात असा दंडक आहे की बाह्य भिंतीच्या निम्म्याहून अधिक पृष्ठभागाचे नूतनीकरण होत असेल तर त्याच वेळी ती उष्णतारोधक केली पाहिजे; आणि गिलावा आतून उतरविला जात असेल, तर येथे ‘भिंत’ या शब्दाचा अर्थ सबंध घराची बाह्य भिंत असा नसून त्या एका खोलीपुरती बाह्य भिंत असा घ्यावयाचा. याचा परिणाम असा की निम्म्यापर्यंत गिलावा गेला तर ती डागडुजी, आणि त्यापुढे एक परात अधिक गेली की ते नूतनीकरण; डागडुजीचा जाब कोणी विचारीत नाही, नूतनीकरणाला मात्र यू-मूल्याचा दाखला लागतो. मामलेदार कचेरीत ‘दुरुस्ती’ आणि ‘नवीन बांधकाम’ या दोन शब्दांमधील अंतरावर लोकांनी केवढाले अर्ज केलेले मी वाचले आहेत! अनेक गोष्टींत आपले राज्यकर्ते आपल्यासाठी काय ठेवून गेले याचा वाद चालू असतो. हा शब्दच्छल ते निश्चितपणे ठेवून गेले असावेत.

यू-मूल्य म्हणजे भिंतीच्या आतील व बाहेरील हवेच्या तपमानात एका अंशाचा फरक असता भिंतीच्या एका चौरस मीटरमधून जितके वॉट उष्णता निसटते तो आकडा. तो जितका लहान तितकी भिंत उबदार. नऊ इंची भरीव भिंतीचे हे मूल्य परंपरेने २.१ धरीत. आतून अस्तर लावून ते ०.३० पर्यंत खाली आणावे अशी नियमावलीची अपेक्षा. ज्या भिंतीचे मूल्य मुळातच ०.७० च्या आत आहे तिला मात्र हा कायदा हात लावीत नाही.

आता या अस्तराचे गणित. लेस्टरमध्ये ते बहुधा तयार फळीच्या रूपाने मिळते: साडेबारा मिलिमीटरचा प्लास्टरबोर्ड आणि त्याच्या पाठीला चिकटविलेला उष्णतारोधक फेसाचा थर. फेस तीन जातींचा. सर्वांत स्वस्त तो आपला चिरपरिचित थर्माकोल. त्याहून सरस पॉलिआयसोसायन्युरेट, ज्याला सगळे कारागीर पीआयआर म्हणतात, पिवळसर, कडक, दोन्ही अंगांना चांदीसारखा वर्ख लावलेला. आणि सर्वांत महाग फेनॉलिक, जो सर्वांत कमी जाडीत तेच काम करतो. जावईबापू अभियंते, त्यांनी त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरून पीआयआरचा हिशेब मांडला. उघडी भिंत २.१. तिला पंचवीस मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम इंचभर थर लावला की मूल्य ०.६० वर येते. आणखी पंचवीस लावले की ०.३६. साठावर ०.३१. आणि शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंच लावले तरी ०.२०.

हे आकडे मी पुनःपुन्हा वाचले, कारण त्यांत माझ्या मते या सबंध प्रकरणाचे मर्म आहे. पहिल्या एका इंचाने भिंतीतून निसटणाऱ्या उष्णतेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक उष्णता अडविली. दुसऱ्या इंचाच्या वाट्याला त्या मूळ गळतीचा जेमतेम नववा हिस्सा आला. आणि तिसरा व चौथा इंच मिळूनही दुसऱ्याएवढे काम करू शकले नाहीत. माघाच्या थंडीत शेतावर निजलेल्या माणसाला पहिल्या घोंगडीने जीव येतो, दुसरीने झोप येते, आणि तिसरी पाहुण्यासाठी राखून ठेवलेली बरी. जाड ते चांगले असे समजून जे लोक दुकानात जातात, ते चौथ्या घोंगडीचे पैसे भरून येतात. आणि पातळ घेऊन काय उपयोग, असे म्हणून जे काहीच लावीत नाहीत, ते पहिलीशिवाय कुडकुडत राहतात. या दुसऱ्या वर्गाची मला जास्त कीव येते. कायद्याचीही येथे एक गंमत आहे: कोणा पूर्वजाने त्या भिंतीला इंचभर पीआयआर लावून ठेवला असता तर ०.६० मूल्याची ती भिंत ०.७० च्या आत बसून निर्दोष सुटली असती. परंतु त्याने तसे केले नाही म्हणून आज तिला हात लावणाऱ्याला ०.३० पर्यंत चालावे लागते.

२.१ हा आकडाही पक्का नव्हे. प्रत्यक्ष घरांच्या भिंतींवर उपकरणे लावून मोजणी झाली तेव्हा भरीव भिंती पुस्तकात म्हटले होते त्याहून कमी उष्णता सोडतात असे आढळले, आणि घरांच्या ऊर्जा-दाखल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तो आकडा पुढे १.७ वर आणण्यात आला. तुम्ही भिंत २.१ ची धरली तर साठ मिलिमीटरचा थर ०.३१ वर जाऊन परीक्षेत एका गुणाने नापास होतो, १.७ ची धरली तर तीच भिंत, तोच थर, पास होतो. भाचीने चेष्टेने विचारले, “मामा, म्हणजे भिंत पुस्तकात बदलली की घरात ऊब वाढते?” मी तिला सांगितले की जमाबंदीच्या वेळी कागदावर जमिनीची प्रत बदलली की सारा बदलतो, पीक तेवढेच येते.

मालाचे दुकान शहराबाहेर. तेथे या फळ्या साडेसदतीस, साडेबावन्न, साडेबासष्ट, साडेबहात्तर अशा जाडींनी, कडेला चढत्या क्रमाने उभ्या करून ठेवलेल्या असतात; प्रत्येक फळी २,४०० मिलिमीटर लांब व १,२०० रुंद, आणि साडेबहात्तराची फळी सुमारे तीस किलोची. प्लास्टरबोर्डाची मूळ कल्पना अमेरिकेतील ऑगस्टीन सॅकेट याची, १८९४ च्या पेटंटाची. कागद आणि जिप्समचे थर एकावर एक दाबून त्याने फळी तयार केली. जिप्सम हे नाव ऐकून परके वाटेल, पण आपल्या वैद्यांच्या कपाटातील गोदंती ती हीच. या खनिजाच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असते, स्फटिकात कोंडलेले. आग लागली म्हणजे ते वाफ होऊन बाहेर पडते आणि तेवढा वेळ फळीच्या मागच्या बाजूचा दाह रोखून धरते. त्या पाण्याच्या बळावर ही कागदी फळी आगीत बराच वेळ टिकाव धरते.

लेस्टरला हा विषय परका नाही, हे मला आगगाडीने समजावून दिले. ज्या सोर नदीकाठी हे शहर वसले आहे, ती उत्तरेस वाहत जाऊन ट्रेंटला मिळते. तिच्या काठी बॅरो येथे जिप्समची खाण, पुढे थोड्या अंतरावर ईस्ट लीक येथे खाण आणि बोर्डाचा कारखाना, आणि संगमापाशी रॅटक्लिफ येथील विद्युतकेंद्राचे आठ प्रचंड शीतक मनोरे. नॉटिंगहॅमला जाताना ते मनोरे गाडीच्या खिडकीत बराच वेळ मावत नाहीत. या केंद्रात कोळसा जळे, आणि धुरातील गंधक चुनखडीने धुऊन काढताना जे जिप्सम उत्पन्न होई ते बोर्डासाठी जाई. म्हणजे एका घरातला दिवा पेटावा म्हणून जळालेल्या कोळशाचा उरलासुरला अंश दुसऱ्या घराची ऊब राखणाऱ्या फळीत जाऊन बसे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी हे केंद्र बंद झाले, आणि १८८२ पासून ब्रिटनमध्ये चाललेल्या कोळशाच्या विजेचा त्या दिवशी अंत झाला. मी गेलो तेव्हा त्या गोष्टीला दीड-दोन महिनेच झाले होते. मनोऱ्यांतून वाफ येत नव्हती, आणि डब्यातले एक वृद्ध गृहस्थ सवयीने खिडकीकडे पाहून पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

जाडीचा प्रश्न उष्णतेवर थांबला असता तर येथवर निकाल लागला असता. परंतु भिंतीला एक दुसरे अंग आहे आणि ते पाण्याचे. शेजारी एक निवृत्त इमारत-निरीक्षक राहत. चहाला आले असता त्यांनी जावईबापूंचा कागद पाहिला, आणि त्यावर आणखी एक आकडा मांडला. बाहेर शून्य अंश आणि आत वीस अंश असता, आज तुमच्या उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग साडेचौदा अंशांवर असतो. साठ मिलिमीटरचा थर लावलात की खोलीच्या बाजूचा पृष्ठभाग एकोणीस अंशांवर जाईल, त्याचा आनंद आहे. परंतु थराच्या मागे दडलेली वीट साडेचौदावरून दोन अंशांवर येईल. पंचवीसच मिलिमीटर लावलेत तर ती चारावर राहील. वीस अंशांच्या आणि साठ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू बारा अंशांवर असतो. म्हणजे खोलीतली हवा जर कोठल्याही फटीतून त्या विटेपर्यंत पोचली, तर ती तेथे आपले पाणी टाकून देईल, अंधारात, कोणालाही न दिसता.

त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा: जुनी भिंत आणि तिचा चुना हे पाणी पिणारे आणि सोडणारे जोडपे आहे, पावसात भिजावे आणि वाऱ्यावर, व आतल्या शेगडीच्या धगीवर, वाळावे, असा त्यांचा शंभर वर्षांचा दिनक्रम. तुम्ही त्यांच्यामध्ये चांदीचा वर्ख लावलेला थर घातलात की आतून येणारी धग बंद झाली आणि आतल्या बाजूला वाळण्याची वाटही बंद झाली. त्यातच पहिल्या मजल्याच्या जमिनीच्या लाकडी कड्यांची टोके नऊ इंची भिंतीत रोवलेली असतात. वीट थंड आणि ओलसर राहू लागली की कड्यांची टोके कुजू लागतात, आणि हे जेव्हा कळते तेव्हा जमीन पायाखाली दबू लागलेली असते. म्हणून फळी लावताना तिच्या चारी कडांना चिकटद्रव्याची अखंड पट्टी फिरवावी, नुसते गोळे ठोकून फळी दाबू नये, आणि बोर्डांचे सांधे, स्विचचे डबे, जमिनीजवळची फट, सारे काही बंद करावे, म्हणजे मागे हवा खेळणार नाही. १८७७ साली विल्यम मॉरिसने जी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाची संस्था स्थापिली, तिच्या वळणाचे लोक तर असल्या घरात फेस नकोच म्हणतात. लाकडाच्या तंतूंची फळी आणि वर चुना, म्हणजे ओल जाते येते. तिला त्याच उबेसाठी जवळजवळ दुप्पट जाडी लागते, ही तिची अडचण. मला स्वतःला हा पक्ष पटला. परंतु घर माझे नव्हते.

या ओलीला कोणी किरकोळ समजू नये. २०२० च्या डिसेंबरात रॉचडेल येथे अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल, घरातील बुरशीचा श्वासावाटे दीर्घकाळ संपर्क येऊन दगावले, आणि त्यानंतर भाड्याच्या सार्वजनिक घरांच्या मालकांना ओल व बुरशी मुदतीत दूर करावयास लावणारा कायदा त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. भाचीच्या पाहुण्यांच्या खोलीत कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके होते. कपाट भिंतीला टेकलेले, हवा खेळत नाही, कोपरा थंड, ठिपके येणारच. भिंतीला जाड अस्तर लावले आणि खिडकीच्या चौकटीलगतचे भिंतीचे आत वळणारे काठ तसेच सोडले, तर ही बुरशी तेथे स्थलांतर करते, कारण उबदार खोलीतले ते सर्वांत थंड ठिकाण ठरते. पण त्या काठांवर जागा असते ती चौकटीच्या रुंदीएवढी. तेथे साठाची फळी लावली तर खिडकीचे तावदानच झाकले जाईल. म्हणून जेमतेम वीस-पंचवीस मिलिमीटरची पातळ पट्टी तेथे लावतात. यू-मूल्याच्या परीक्षेत ती नापास, पण बुरशीच्या परीक्षेत उत्तीर्ण.

मग जागेचा तंटा. फळीमागे चिकटद्रव्याचे दहाबारा मिलिमीटर धरले तर साडेबहात्तराची फळी खोलीची सुमारे पंच्याऐंशी मिलिमीटर जागा खाते. दर्शनी दिवाणखान्याला एकच बाह्य भिंत. साडेतीन-पावणेचार मीटरच्या खोलीला तेवढे जाणवत नाही. शिवाय मूळचा इंचभर चुना उतरल्यावर तितकी जागा अगोदरच हाती आलेली असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागची झोपण्याची खोली मात्र परसाकडे पुढे आलेल्या भागात, २.४ मीटर रुंद, तीन मीटर लांब, आणि दोन भिंती बाहेरच्या. तेथे जाड फळी लावली तर खोलीचे सहा टक्के क्षेत्र जाते. मार्गदर्शिकेत अशी सवलत आहे की भिंतीच्या अस्तराने खोलीचे पाच टक्क्यांहून अधिक क्षेत्र जात असेल तर कमी दर्जा मान्य होऊ शकतो. साडेसदतीसाची फळी, म्हणजे इंचभर फेस आणि वर बोर्ड, लावली असता क्षेत्र चार टक्क्यांहून कमी जाते. जावईबापूंनी खाटेचे, कपाटाचे आणि दार उघडण्याच्या चापाचे माप घेऊन नकाशा काढला, खात्याकडे धाडला, आणि पहिल्या इंचाचाच आधार घेऊन ती तजवीज मंजूरही झाली. पंधरा वर्षांत खर्च भरून निघत नसेल तर सूट, असेही एक कलम आहे. त्याच्या वाटेला ते गेले नाहीत, कारण गॅसचा पुढील पंधरा वर्षांचा भाव काय असेल याची प्रतिज्ञा करावयास अभियंत्याचे मन धजेना.

भाचीची एक वेगळी धास्ती होती. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर पेटला, ७२ माणसे गेली, आणि बाहेरून लावलेल्या आवरणाच्या मागे असलाच फेस होता, हे ती विसरली नव्हती. त्या इमारतीत मुख्य दोष आवरणातील ज्वलनशील पॉलिथिलीनचा ठरला, आणि घराच्या आत फेसापुढे गोदंतीची फळी असते. तरीही चिकटद्रव्य आगीत सुटून फळी कोसळू नये म्हणून प्रत्येक फळीला निदान दोन लांब खिळे विटेपर्यंत ठोकावेत, हा नियम कारागिराने तिला न विचारता सांगितला. थर्माकोल घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, की विजेच्या तारांचे पीव्हीसी आवरण थर्माकोलला चिकटून राहिले तर काही काळाने ते कडक होऊन तडकते. दोहोंमध्ये नळी घालावी लागते.

मागच्या न्हाणीघराच्या भिंतीचा निकाल सर्वांत सोपा लागला. तिच्या वरची पन्हळ फुटलेली, पाणी भिंतीवरून ओघळत असलेले, आणि कोणा पूर्वमालकाने विटांच्या सांध्यांतला चुना खरवडून सिमेंट भरलेले. कारागिराने तेथे फळी लावण्यास साफ नकार दिला. ओल्या भिंतीला अस्तर म्हणजे भिजलेल्या मुलाला वरून कोट, असे काहीसे तो म्हणाला. पन्हळ दुरुस्त करावी, सिमेंट काढून चुना भरावा, आणि मग इंचाला एक महिना या हिशेबाने भिंत वाळू द्यावी. नऊ इंच, नऊ महिने. भाची त्यावर मनापासून हसली, आणि तो का हसायचा विषय आहे हे मला संध्याकाळी सांगण्यात आले. येत्या श्रावणात त्या घरी पाळणा हलणार होता.

दिवाणखान्याचा प्रश्न मात्र नवराबायकोंमध्ये अखेरपर्यंत तुंबून राहिला. भाची म्हणे, साडेबहात्तराची पीआयआर घ्यावी, पुरेशी आहे आणि स्वस्त आहे. जावईबापू म्हणत, फेनॉलिकची साडेबासष्टाची घ्यावी. पन्नास मिलिमीटर फेनॉलिक साठ मिलिमीटर पीआयआरच्या बरोबरीने काम करते, आणि दहा मिलिमीटर वाचतात. त्या दहा मिलिमीटरांवर शेगडीशेजारच्या कोनाड्यातील त्यांचे पुस्तकांचे कपाट अवलंबून होते. आठ दिवस घरात हाच विषय. मला दोघांनीही पंच नेमले, आणि मी दोघांनाही तुमचे म्हणणे बरोबर आहे असे सांगून लेस्टरच्या वस्तुसंग्रहालयात वेळ काढू लागलो.

फळ्या आल्या त्या दिवशी (पीआयआरच्याच, कारण पैसा घरचा होता, खात्याचा नव्हे) कारागिराने खोली रिकामी केली, उरलेला चुना खाली उतरविला, आणि उघड्या विटांपुढे ओळंबा सोडला. दोरी स्थिर होईपर्यंत आम्ही चौघे गप्प उभे होतो. वर छताशी भिंत दोरीला चिकटलेली. खाली जमिनीशी दोरी आणि वीट यांच्यात त्याची दोन बोटे आरामात गेली. त्याने पट्टी लावली. पस्तीस मिलिमीटर. जावईबापूंनी पट्टी त्याच्या हातून घेऊन पुन्हा मोजले.

“वर गोळा पातळ, खाली जाड,” कारागीर चिकटद्रव्याचे पोते फोडीत म्हणाला. “कपाट कोठे ठेवायचे आहे, मी डक?”